बारा तारांची गिटार : दुरुस्त वाद्य आणि इतिहासाचा पुरावा

१. प्रश्नाचे स्वरूप

वाद्यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे दोन प्रकारची साधने असतात. एक, वाद्यांविषयी लिहून ठेवलेला मजकूर. आणि दुसरे, प्रत्यक्ष वाद्ये. दरबारात किंवा देवालयात वाजणाऱ्या वाद्यांविषयी मजकूर पुष्कळ मिळतो. मजूर, शेतगडी, रस्त्यावरचे गायक यांच्या हातातील वाद्यांविषयी तो त्रोटक असतो, आणि मग लाकूड, सरस व तार यांचीच साक्ष काढावी लागते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत प्रसार पावलेली, विजेच्या साहाय्यावाचून वाजणारी बारा तारांची गिटार हे अशा वाद्याचे बोलके उदाहरण होय.

परंतु या साक्षीत एक अडचण आहे. आज वाजत्या स्थितीत असलेल्या जुन्या बारातारी गिटारींपैकी कारखान्यातून निघाल्या तशाच राहिलेल्या गिटारी विरळ. कुणाची दांडी उतरवून पुन्हा बसवलेली असते, कुणाची घोडी बदललेली असते, कुणाच्या तबलीखालच्या पट्ट्या नव्याने लावलेल्या असतात. अभ्यासकाच्या हाती येते ते मूळ वाद्य नव्हे, तर मूळ वाद्य आणि त्यावर काम केलेल्या एक वा अनेक कारागिरांचे हात यांचा संयुक्त परिपाक. म्हणून दुरुस्ती व फेरबदल करणारा कारागीर हा या वाद्याच्या इतिहासाचा जाणता-अजाणता संपादकच ठरतो. त्याने काय केले, का केले आणि त्यात कोणता पुरावा टिकला वा पुसला गेला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२. तारांची रचना आणि ताणाचे गणित

बारा तारांच्या गिटारीत तारा बारा असल्या तरी त्या सहा जोड्यांत लावलेल्या असतात. वादकाचे बोट एकेका जोडीवर एकाच वेळी पडते. वरच्या स्वरांच्या दोन जोड्यांतील दोन्ही तारा एकाच स्वरात असतात. खालच्या चार जोड्यांत एक तार मूळ स्वरात आणि तिच्या शेजारची बारीक तार एक सप्तक वर लावलेली असते. तानपुऱ्याच्या जोडाच्या दोन तारा एकाच षड्जात लावल्या तरी त्यांच्यातील अतिसूक्ष्म अंतरामुळे स्वराला जो भरीवपणा येतो, तो ज्याने ऐकला आहे त्याला बारातारी गिटारीच्या नादाचे मर्म चटकन कळेल. येथे त्या भरीवपणात वरच्या सप्तकाची चकाकी मिसळलेली असते.

या नादाची किंमत लाकडाला मोजावी लागते. सहा तारांच्या गिटारीवर हलक्या तारा लावल्या तर त्यांचा एकूण ताण सुमारे ७० ते ७५ किलो भरतो. बारा तारा त्याच पट्टीत लावल्यास तो १०० किलोंच्या बराच पुढे जातो. हा भार काही मिलिमीटर जाडीच्या तबलीने आणि दांडीच्या एका सांध्याने अहोरात्र पेलायचा असतो. तारेचा ताण तिच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या आणि लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हा भौतिकशास्त्राचा नियम येथे निर्णायक ठरतो. सर्व तारा दोन अर्धस्वर उतरवल्या तर ताण सुमारे २१ टक्क्यांनी घटतो. तीन अर्धस्वर उतरवल्या तर सुमारे २९ टक्क्यांनी. उलट, तारेची वाजती लांबी २५.४ इंचांऐवजी २६.५ इंच ठेवली तर त्याच तारांचा त्याच पट्टीतील ताण सुमारे ९ टक्क्यांनी वाढतो. गिटार कोणत्या पट्टीत लावायची, तारा किती जाड घ्यायच्या आणि लाकूड किती जाड ठेवायचे, हे तीन प्रश्न त्यामुळे एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत. वादक, कारखानदार आणि दुरुस्ती करणारा कारागीर या तिघांनी या प्रश्नांना दिलेली वेगवेगळी उत्तरे म्हणजेच या वाद्याचा इतिहास, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

३. पूर्वपीठिका : वाद्य आणि नाव

तारा जोडीने लावण्याची कल्पना गिटारीला नवी नाही. सोळाव्या शतकातील युरोपीय गिटारीला चार जोड्या होत्या, सतराव्या शतकात पाच झाल्या आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनमध्ये सहा जोड्यांची गिटार प्रचारात आली. इ. स. १८०० च्या सुमारास युरोपात जोड्या मागे पडून सहा एकेरी तारा रूढ झाल्या. मेक्सिकोत मात्र जोडतारांची परंपरा खंडित झाली नाही. तेथील ‘बाहो सेक्स्तो’ या वाद्याला सहा जोड्यांत बारा तारा असतात व ते गिटारीहून एक सप्तक खाली लावले जाते. ‘गितारा सेप्तिमा’ या वाद्याला सात जोड्यांत चौदा तारा असतात.

अमेरिकेतील बारातारी गिटारीच्या उगमाविषयी अभ्यासकांत दोन मते आढळतात. एका मतानुसार ती मेक्सिकन जोडतारी वाद्यांच्या प्रभावातून, टेक्सासच्या वाटेने आली. दुसऱ्या मतानुसार न्यूयॉर्क परिसरात स्थायिक झालेल्या इटालियन कारागिरांनी, मॅन्डोलिनच्या जोडतारांची कल्पना गिटारीवर उतरवून, बाजारातील नावीन्याची हौस भागवण्यासाठी ती घडवली. या वादात वाद्यांच्या नावांकडे फारसे लक्ष दिले जात नाही. वास्तविक ती विचारात घेण्याजोगी आहेत. ‘सेक्स्तो’ म्हणजे सहावा आणि ‘सेप्तिमा’ म्हणजे सातवी. स्पॅनिश नावे जोड्या मोजतात. इंग्रजी नाव सुट्या तारा मोजते. जी भाषक जमात जोडी हे एकक मानते तिच्या दृष्टीने जोडतार ही वाद्याची सहजस्थिती असते. जी बारा हा आकडा मोजते तिला ते सहा तारांच्या परिचित वाद्याचे दुप्पट रूप वाटते. नावांच्या या भेदावरून उगमाचा निर्णय होणार नाही. परंतु रूप मेक्सिकोतून आले असले तरी इंग्रजी भाषकांनी ते त्याच्या कल्पनेसह उचलले नाही, एवढे अनुमान त्यावरून करता येते. नाव आणि वस्तू यांची फारकत सतारीच्या बाबतीत आपल्याला परिचितच आहे : फारसी ‘सेह-तार’ म्हणजे तीन तारा, वाद्याच्या तारा वाढत गेल्या, नावातील तीन तेवढे राहिले.

अशा वाद्यकारागिरासाठी इंग्रजीने फ्रेंचमधून उचललेला ‘ल्युथिए’ हा शब्दही असाच बोलका आहे. तो ‘ल्युथ’ या वाद्यनामावरून आला, आणि ते नाव अरबी ‘अल-ऊद’ पासून. ‘ऊद’ म्हणजे लाकूड. मराठीत धुपाच्या अर्थी रूढ झालेला ‘ऊद’ त्याच अरबी शब्दाचा वंशज आहे. ल्युथिए म्हणजे, व्युत्पत्तीच्या दृष्टीने, लाकडाचा माणूस.

४. जर्सी सिटीचा कारखाना

बारातारी गिटारीच्या आद्य काळातील सर्वांत महत्त्वाचे उत्पादनकेंद्र म्हणजे न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटी येथील ऑस्कर श्मिट यांचा कारखाना. ‘स्टेला’ आणि ‘सॉव्हरिन’ ही त्याची प्रसिद्ध नावे. ही वाद्ये श्रीमंतांसाठी नव्हती. टपालाने माल पाठवणाऱ्या पेढ्या, गावोगावची किराणा व फर्निचरची दुकाने यांच्यामार्फत ती खपत. मागचा भाग व बाजू बहुधा बर्चच्या लाकडाच्या, त्यावर रंग देऊन भारी लाकडाचा भास उत्पन्न केलेला, तबली स्प्रूसची, बोटे फिरतात ती पट्टी काळ्या रंगात बुडवलेली, आणि शोभेसाठी छापील नक्षीचे ठसे उमटवलेले, असे त्यांचे सामान्य रूप असे.

रचनेतील तीन गोष्टी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, तबलीच्या आतल्या बाजूस शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे आडव्या पट्ट्या लावलेल्या असत. या पद्धतीला येथे ‘शिडीबंध’ म्हटले आहे. मार्टिन कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूढ केलेली, फुलीच्या आकारात पट्ट्या लावण्याची पद्धत, म्हणजेच ‘फुलीबंध’, हिच्यापेक्षा शिडीबंध करावयास सोपा व स्वस्त. दुसरी, बारातारी स्टेलात तारा बहुधा घोडीत अडकवलेल्या नसून घोडीवरून पुढे जाऊन वाद्याच्या बुडाशी धातूच्या पट्टीत अडकवलेल्या असत. अशा रचनेत तारांची ओढ बुडाकडील मजबूत लाकडावर जाते आणि तबलीला केवळ खालच्या दिशेचा दाब सोसावा लागतो. तिसरी, दांडीत ताण सावरण्यासाठी पिळता येणारी पोलादी सळई नव्हती. गिब्सन कंपनीला अशा सळईचे पेटंट १९२३ साली मिळाले, परंतु स्वस्त वाद्यांपर्यंत ती सोय तेव्हा पोहोचली नव्हती.

या कारखान्यात राबणाऱ्या स्थलांतरित कामगारांची नावे वाद्यांवर नाहीत. आतल्या कागदी चिठ्ठीवर असते ते व्यापारी नाव, आणि तेही विश्वसनीय नव्हे. कारण हाच कारखाना इतर विक्रेत्यांच्या नावांनीही वाद्ये पुरवीत असे. ‘गॅलियानो’ हे नाव तर न्यूयॉर्कमधील इटालियन कारागिरांच्या वाद्यांवरही आढळते आणि श्मिट कारखान्याच्या वाद्यांवरही. हस्तलिखिताच्या पुष्पिकेवर आंधळा विश्वास ठेवू नये, हा पोथ्यांच्या अभ्यासकांचा दंडक येथेही लागू पडतो. वाद्याची जात ठरवायची ती चिठ्ठीवरून नव्हे. आतल्या पट्ट्यांची ठेवण, लाकडाची निवड, सांध्यांची पद्धत यांवरून. ऑस्कर श्मिट १९२९ साली निवर्तले. त्याच वर्षी मंदीचा आघात झाला, आणि १९३९ साली ‘स्टेला’ व ‘सॉव्हरिन’ ही नावे शिकागोच्या हार्मनी कंपनीकडे गेली. हार्मनीने पुढे ‘स्टेला’ या नावाखाली विकलेली वाद्ये ही नावाने तीच पण घडणीने निराळी होत.

५. वादक, पट्टी आणि ध्वनिमुद्रिका

या स्वस्त वाद्याला प्रतिष्ठा मिळाली ती प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन-अमेरिकन गायकांच्या हातून. जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात १९२७ साली ‘बार्बेक्यू बॉब’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रॉबर्ट हिक्सच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्याच वर्षी अंध गायक विली मॅकटेल याचेही पहिले मुद्रण झाले. दोघेही बारा तारांवर वाजवीत. हिक्स १९३१ साली वारला. मॅकटेल १९५९ पर्यंत जगला. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे १९३४ साली लिडिया मेंडोझा या किशोरवयीन गायिकेने बारातारी गिटारीच्या साथीवर गायिलेल्या गीताने स्पॅनिश भाषक श्रोत्यांत तिचे नाव सर्वतोमुखी केले.

या सर्वांत अधिक ख्याती हडी लेडबेटर ऊर्फ ‘लेड बेली’ याची. लुइझियाना राज्यातील अंगोला येथील तुरुंगात तो शिक्षा भोगत असताना जुलै १९३३ मध्ये जॉन लोमॅक्स आणि त्यांचे पुत्र ॲलन यांनी काँग्रेस ग्रंथालयासाठी त्याची गाणी मुद्रित केली. १९३४ साली सुटका झाल्यावर तो न्यूयॉर्कला गेला आणि १९४९ साली तेथेच वारला. त्याची स्टेला गिटार लांब दांडीची, म्हणजे सुमारे साडेसव्वीस इंच वाजत्या लांबीची होती, आणि तो ती प्रचलित पट्टीपेक्षा चार-पाच अर्धस्वर खाली, जाड तारा चढवून लावी.

ही खालची पट्टी केवळ आवडीचा प्रश्न नव्हता. शिडीबंधाच्या हलक्या वाद्यावर बारा तारा पूर्ण पट्टीत ताणल्या तर तबली बसते आणि दांडी पुढे झुकते, हे अनुभवाने कळल्यावर वादकांनी स्वतःच तडजोड काढली : पट्टी उतरवायची, आणि तारा ढिल्या पडू नयेत म्हणून जाड घ्यायच्या. तिच्यातून जो खर्जाचा गंभीर, पियानोसारखा घनगंभीर नाद निघाला तोच पुढे या वाद्याची ओळख ठरला. म्हणजे लेड बेलीच्या शैलीत कारखान्याच्या स्वस्त घडणीचा वाटा आहे. तथापि, या वादकांनी आपल्या पट्टीविषयी लिहून ठेवलेले जवळजवळ काहीच नाही. ध्वनिमुद्रिकांवरून पट्टी काढावी तर त्या काळी मुद्रणाची गती सर्वत्र मिनिटास नेमकी ७८ फेरे असेच असे नाही. गती बदलली की स्वर बदलतो. म्हणून ध्वनिमुद्रिकेची साक्ष वाद्याच्या साक्षीशी ताडून पाहावी लागते. दांडीच्या वरच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या खाचांची रुंदी किती, यावरून तार किती जाड होती हे कळते. तारेची जाडी आणि वाजती लांबी कळली की ती कोणत्या पट्टीत लावता येईल याला मर्यादा पडते. एवढीशी हाडाची वा लाकडाची पट्टी, पण लिखित पुराव्याच्या अभावी तिला दस्तऐवजाचे मोल येते.

६. पुनरुज्जीवन आणि नवे कारखाने

लेड बेलीच्या मृत्यूनंतर लोकगीतांच्या पुनरुज्जीवनाच्या चळवळीने बारातारी गिटार पुन्हा वर आणली. पीट सीगर यांनी लेड बेलीची वादनपद्धती शिकवणारी ध्वनिमुद्रिका फोकवेज संस्थेमार्फत १९६२ साली काढली, आणि १९६५ साली ज्युलियस लेस्टर यांच्यासह त्याच विषयावर पुस्तक लिहिले. जानेवारी १९६३ मध्ये ‘रूफटॉप सिंगर्स’ या त्रिकुटाचे, दोन बारातारी गिटारींवर वाजवलेले एक गीत अमेरिकेतील खपाच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले. ते मुळात गस कॅनन या कृष्णवर्णीय बँजोवादकाच्या वाद्यवृंदाने १९२९ साली मुद्रित केलेले होते. मोठ्या कंपन्यांचे लक्ष आता इकडे वळले. गिब्सनने १९६१ साली आपली बारातारी गिटार बाजारात आणली होतीच. मार्टिनने १९६४ साली आणली.

या नव्या वाद्यांपुढील अट मात्र जुन्या वाद्यांहून वेगळी होती. पुस्तकावरून शिकणाऱ्या, इतर वाद्यांबरोबर वाजवणाऱ्या ग्राहकाला गिटार प्रचलित पट्टीतच हवी होती. त्यामुळे फुलीबंध, जाड तबली आणि मजबूत दांडी हे उपाय योजले गेले. वाद्ये टिकाऊ झाली. परंतु लाकूड जितके ताठ तितके ते कमी हलते, आणि जितके कमी हलते तितका नाद आखडतो. टिकाऊपणा आणि नाद यांतील हा विरोध स्टेलाच्या काळापासून चालत आलेला आहे. स्टेलाने नाद राखला आणि आयुष्य गमावले. नव्या वाद्यांनी आयुष्य मिळवले आणि नादाचा काही अंश सोडला. पुष्कळ कारखानदारांनी पुढे वाद्य दोन अर्धस्वर खाली लावण्याची शिफारस केली, तीत या विरोधाची कबुलीच आहे.

७. कारागिराचे काम : तीन प्रकार

पुनरुज्जीवनाबरोबर जुन्या स्टेलांचा शोध सुरू झाला. माळ्यावर, गहाणवटीच्या दुकानांत पडलेली ही वाद्ये सापडत ती बहुधा वाजण्यापलीकडे गेलेली असत : तबली घोडीपाशी बसलेली, दांडी पुढे झुकल्याने तारा पडद्यांपासून उंच गेलेल्या, आतल्या पट्ट्या सुटलेल्या. येथे कारागिराचा प्रवेश होतो. त्याच्या कामाचे तीन प्रकार करता येतील.

पहिला प्रकार पुनःस्थापनेचा. जुन्या वाद्यांचे सांधे प्राणिज सरसाने जोडलेले असतात. उष्णता आणि ओलावा मिळाला की तो सैल होतो, म्हणून कुशल कारागीर वाफ देऊन दांडीचा सांधा उकलतो, दांडीच्या बुडाचे लाकूड अगदी थोडे, पाचरीच्या आकारात तासतो, आणि दांडी योग्य कोनात पुन्हा सरसाने बसवतो. सुटलेल्या पट्ट्या त्याच जागी चिकटवतो. अशा कामात मूळ रचना कायम राहते आणि पुढच्या पिढीच्या कारागिराला तोच सांधा पुन्हा उकलता येतो. हेच काम कृत्रिम राळेने केले तर सांधा पक्का होतो खरा, पण पुढच्या दुरुस्तीत लाकूड फोडल्याशिवाय तो उघडत नाही.

दुसरा प्रकार बळकटीकरणाचा. वादकाला वाद्य पूर्ण पट्टीत हवे असते. मग तबलीखाली जादा पट्ट्या लावल्या जातात, घोडीखालची फळी जाड केली जाते, दांडीत पोलादी सळई घातली जाते. वाद्य वाचते, पण त्याचा स्वभाव पालटतो. शिडीबंधाच्या तबलीचा नाद चटकन उठतो आणि चटकन विरतो. त्यामुळे एकामागून एक येणारे खर्जाचे ठोके एकमेकांत मिसळत नाहीत. त्याच तबलीला फुलीबंध लावला की नाद लांबतो आणि ठोक्यांच्या कडा बोथट होतात. बुडाशी अडकवलेल्या तारा घोडीतच अडकवल्या तर फरक आणखी मूलगामी असतो : पूर्वी तबलीवर दाब येई, आता तिला पीळ बसतो. अशा वाद्यावर लेड बेलीची पद्धत वाजवून पाहणारा अभ्यासक वस्तुतः दुसऱ्याच वाद्यावर प्रयोग करीत असतो.

तिसरा प्रकार रूपांतराचा. बारातारी वाद्याच्या सहा खुंट्या काढून त्याला सहातारी करणे, सहातारी जुन्या वाद्याला रुंद दांडी बसवून बारातारी करणे, रंग खरवडून नवा लेप देणे, छापील नक्षीऐवजी शिंपल्याचे काम करणे, हे सर्व या प्रकारात मोडते. यात पुराव्याची हानी सर्वाधिक होते. बर्चवर चढवलेला रंग ‘खोटा’ म्हणून खरवडला की, गरीब ग्राहकाला भारी लाकडाचा आभास विकणाऱ्या बाजारपेठेचा पुरावाही त्याबरोबर जातो. जीर्ण म्हणून खाचांची पट्टी फेकली की तारांच्या जाडीचा पुरावा जातो.

लाकडाच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी लागते. मार्टिन कंपनीने आपल्या वरच्या दर्जाच्या वाद्यांसाठी १९६९ साली ब्राझीलच्या शिसवीऐवजी भारतीय शिसव वापरण्यास आरंभ केला. सह्याद्रीच्या रांगांत वाढणारी ही तीच शिसव, जी मराठी घरांना जुन्या कपाटांतून आणि देवघरांतून परिचित आहे. ब्राझीलच्या शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ साली कडक बंदी आली. त्यामुळे जुन्या वाद्याचा फुटलेला भाग दुरुस्त करताना दुसरे लाकूड वापरणे अनेकदा अपरिहार्य ठरते. मात्र त्याची नोंद ठेवली नाही, तर लाकडावरून वाद्याचा काळ ठरवणारा अभ्यासक फसेल.

८. नव्या प्रती

फेरबदल करणाऱ्यांबरोबर नव्याने घडवणाऱ्यांचीही एक परंपरा उभी राहिली. युगोस्लाव्हियातून १९५९ साली अमेरिकेत आलेले आणि शिकागोत स्थिरावलेले बोझो पोदुनावाच यांच्या बारातारी गिटारी लिओ कॉटके यांच्या हाती गेल्या. कॉटके यांच्या १९६९ सालच्या ध्वनिमुद्रिकेने हे वाद्य केवळ गायनाची साथ न राहता स्वतंत्र वादनाचे झाले. आणि तेही आपले वाद्य सामान्यतः तीन अर्धस्वर खाली लावीत आले. लेड बेलीच्या तडजोडीची वाट येथे वेगळ्या कारणांनी पुन्हा चोखाळली गेली.

याहून लक्षणीय प्रयत्न म्हणजे जुन्या घडणीचा अभ्यास करून तिची प्रामाणिक प्रत काढण्याचा. विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथील टॉड कॅम्बिओ हे ‘फ्राउलिनी’ या नावाने, इटालियन-अमेरिकन कारागिरांच्या पद्धतीवर, शिडीबंधाच्या लांब दांडीच्या बारातारी गिटारी घडवतात. अशा प्रतींचा फायदा दुहेरी आहे. वादकाला पाहिजे तो नाद, पाहिजे त्या ताणावर मिळतो. आणि मूळ वाद्याला हात लावण्याची गरज उरत नाही. शिवाय, एकेकाळी केवळ स्वस्त म्हणून हिणवला गेलेला शिडीबंध हा त्या नादाला आवश्यक होता, हे नव्याने घडवलेल्या वाद्यानेच सिद्ध होते. जुन्या वाद्यावरील फेरबदलाने हे कधीच सिद्ध झाले नसते.

९. पाठचिकित्सेचा दाखला

मराठीच्या अभ्यासकाला या प्रश्नाचे स्वरूप अपरिचित नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे अशुद्ध झालेल्या, भर पडलेल्या पोथ्याच होत्या. त्यांच्या शुद्धीकरणाने ग्रंथ वाचकांच्या मुखी राहिला, हे उपकार मोठे. तरीही राजवाड्यांसारख्या संशोधकाला १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून एक पोथी पुढे आणावीशी वाटली ती का? ग्रंथ वाचनीय करणे हे एक काम आणि तो मुळात कसा होता हे जाणणे हे दुसरे, म्हणून. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने या दोहोंची सांगड घातली. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितका जुना पाठ वर छापावयाचा, आणि वगळलेले पाठभेद नष्ट न करता तळटीपांत व परिशिष्टांत राखावयाचे. संपादक चुकला असेल तर त्याची चूक दाखवण्याचे साधन त्याच पानावर वाचकाच्या हाती ठेवलेले असते.

वाद्याच्या बाबतीत ही सांगड घालणे अधिक अवघड आहे, कारण गिटारीला तळटीप नसते. पोथीतील पाठ संपादकाने बदलला तरी पोथी तशीच राहते. तबलीखालची पट्टी कापली की पाठभेद कायमचा गेला. म्हणून कारागिराची जबाबदारी संपादकापेक्षा काकणभर जास्तच आहे.

यावर असा आक्षेप येईल की, वाद्य वाजण्यासाठी असते. काचेच्या कपाटात जपलेली न वाजणारी स्टेला लेड बेलीच्या परंपरेशी अधिक इमान राखते काय? आक्षेप खरा आहे. लेड बेली आणि त्याचे समकालीन स्वतः आपल्या वाद्यांत मनासारखे फेरफार करीत. कारखान्याने दिले ते शिरोधार्य मानणारी ती माणसे नव्हती. फेरबदल हा या परंपरेचा विटाळ नव्हे, तो तिचा नित्यधर्म आहे. परंतु त्यांचे फेरफार आज अभ्यासता येतात ते वाद्यावर त्यांच्या खुणा उरल्या म्हणून. पट्टी उतरवणे, तारा बदलणे, घोडी सरकवणे यांतले पुष्कळसे उलटवता येण्याजोगे होते. तेव्हा वाद निवडायचा तो ‘मूळ’ आणि ‘बदललेले’ यांत नव्हे. खूण ठेवणारा बदल आणि खूण पुसणारा बदल यांत तो आहे.

या निकषातून काही साधे नियम निघतात, आणि जबाबदार कारागीर ते पाळतातही. जोडकाम सरसाने करावे. काम सुरू करण्यापूर्वी आतल्या पट्ट्यांची मापे आणि छायाचित्रे घ्यावीत. काढलेली घोडी, खाचांची पट्टी, खुंट्या फेकून न देता वाद्याच्या पेटीतच ठेवाव्यात. नव्या लाकडावर आतल्या बाजूस, वाजवणाऱ्याच्या दृष्टीस पडणार नाही अशा जागी, तारीख आणि नाव लिहावे. आणि जेथे वादकाची मागणी जुन्या लाकडाला न पेलणारी असेल, तेथे मूळ वाद्याऐवजी प्रत घडवावी.

बारातारी गिटारीच्या पहिल्या वादकांपैकी बहुतेकांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. ज्या कामगारांनी ती जर्सी सिटीत घडवली त्यांची नावेही वाद्यांवर उरली नाहीत. या दोन्ही समूहांचे हात ज्यावर एकत्र फिरले अशी वस्तू म्हणजे ती स्वस्त, रंगवलेल्या बर्चची गिटार. तिच्यातील एखादी पट्टी बदलताना कारागीर त्या मूक समूहांच्या मोजक्या कागदपत्रांपैकी एक हाताळत असतो. ती बदलावी लागली तरी काढलेली पट्टी पेटीत राहिली, तर पुढच्या अभ्यासकाला निदान विचारण्याजोगा प्रश्न उरेल.